खाचरातलं शेवाळ

आमच्या भिवंडी तालुक्यात भाताला औषध मारायची रीत नव्या बियाण्याच्या मागोमाग आली. ‘जया’ हे बुटकं भात 1968 ला निघालं. खत घातलं की पिकायचं, पण कीडही तितकीच धरायचं. मी तेव्हा शाळकरी. बापूस घमेल्यात बीएचसीची पावडर घ्यायचा आणि वारा बघून मुठीने खाचरात उधळायचा. तिचा कुबट वास त्याच्या अंगाला दोन-दोन दिवस असायचा. आई म्हणायची, “अहो, तोंडाला फडकं तरी बांधा.” तो नुसता हसायचा.

चार-पाच वर्षांत बांधावरचे मुठे कमी झाले, बेडूक कमी झाले. “औषधाने जमीन मेली,” असं मग सगळेच म्हणू लागले. मीही म्हणायचो.

पुढे वाचनात आलं ते निराळंच. भाताच्या पाण्यावरचं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र धरतं, हे ढाक्याच्या पी. के. डे यांनी 1939 साली दाखवलं होतं. आम्ही ते घाण म्हणून काढून टाकत होतो! बीएचसीने हे शेवाळ लगेच मरतंच असं नाही. ते खाणारे बारीक जीव मरतात, आणि शेवाळ उलट माजतं. चिखलातले काही जिवाणू तर ती पावडरच फोडतात. काही औषधं दरसाल टाकली की त्यांना खाणारे जिवाणू वाढतात, औषध लवकर संपतं आणि शेतकरी मूठ मोठी करतो. आम्हीही केली.

म्हणून विष निरुपद्रवी ठरत नाही. मात्रा वाढली की नत्राचं रूपांतर करणारे जिवाणू मागे पडतात, आणि बीएचसीचा काही अंश जमिनीत वर्षानुवर्षं राहतो. 1997 साली सरकारने ती बंद केली. तोवर आमच्या हातात फोरेटचे दाणे आले होते. पुढे तेही बंद झाले.

पण सगळा दोष औषधावर टाकून मला सुटता येत नाही. जिवाणूंना खायला शेणखत लागतं. बैल मी विकले. गोठा मोडला. मग राबालाही शेण उरलं नाही. ते काम माझ्याच हातचं.

आता शेताच्या तीन बाजूंना गोदामं आहेत. चार वर्षांपूर्वी एक गाय घेतली. तिचं शेण सहा गुंठ्यांत घालतो, तिथे औषध मारत नाही. यंदा बांधाला मुठ्याचं बीळ पडलं, पाणी झिरपू लागलं. नातू दगड घेऊन बुजवायला निघाला.

म्हटलं, “राहू दे रे. पाणी मी सांभाळतो.”