भूल, किडनी आणि पन्नास वर्षांचा धडा

ऑपरेशन ठरलं की आपण सर्जनचं नाव विचारतो. भूल कोण देणार, हे कुणी विचारत नाही. मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. पण आपल्याकडे शुगर-बीपीचे पेशंट घरोघरी आहेत, म्हणून हा इतिहास सांगतो.

१९६० मध्ये अमेरिकेत मेथॉक्सिफ्लुरेन नावाचं भुलीचं औषध वापरात आलं. जुना इथर पेट घ्यायचा, हे तसं पेटत नव्हतं. वेदनाही छान थांबायची. डॉक्टर खूश होते. पण १९६६ मध्ये क्रँडेल आणि सहकाऱ्यांनी इशारा दिला. त्यांच्या पाहणीत शंभरातल्या साधारण सतरा पेशंटची किडनी ऑपरेशननंतर बिघडली होती. आणि गंमत बघा, लघवी बंद झाली नव्हती, उलट बादलीभर होत होती! लघवी होतेय म्हणजे किडनी ठीक, हा आपला हिशेब तिथे चुकला. किडनी पाणी धरून ठेवायचंच विसरली होती.

पुढे अमेरिकेतच डॉ. माझे यांनी कारण शोधलं. शरीरात औषध मोडलं की फ्लोराइड सुटतं. जितका जास्त डोस, जितके जास्त तास, तितकं नुकसान. म्हणजे लांबलचक ऑपरेशनला धोका जास्त. रक्तातल्या फ्लोराइडची एक मर्यादाही ठरली आणि पुढचं प्रत्येक नवं औषध त्याच फुटपट्टीने मोजलं जाऊ लागलं.

मग सेव्होफ्लुरेन आलं, जपानमध्ये १९९० ला, अमेरिकेत १९९५ ला. त्यात फ्लोराइड कधी कधी ती मर्यादा ओलांडायचं, पण किडन्या शाबूत! १९९५ मध्येच खराश यांच्या संशोधनातून खुलासा मिळाला: मेथॉक्सिफ्लुरेन खुद्द किडनीतच जास्त मोडायचं. विष कुठे तयार होतं, हे रक्तातल्या आकड्याइतकंच महत्त्वाचं निघालं.

आता महाधमनीच्या ऑपरेशनचं घ्या. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली की सर्जन ती चिमट्याने बंद करून कृत्रिम नळी बसवतो. १९५१ मध्ये पॅरिसमध्ये डुबॉस्त यांनी असा फुगलेला भाग काढून नवी रक्तवाहिनी जोडली. चिमटा किडनीच्या धमन्यांच्या वर लागला तर किडनीचं रक्त थेट तुटतं. खाली लागला तरी कमी होतं. शिवाय रक्तस्राव, बीपी पडणं. म्हणून इथे औषधाच्या नावापेक्षा भूलतज्ज्ञ बीपी आणि रक्त-पाणी कसं सांभाळतो, चिमटा किती वेळ राहतो, हे जास्त मोलाचं. आजच्या भुलीच्या औषधांपैकी अमुक एकच किडनी वाचवतं, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. किडनीसाठी म्हणून वर्षानुवर्षं थोडं थोडं डोपामिन द्यायचे. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटना त्याचा किडनीसाठी फायदा दिसला नाही.

तेव्हा घरातल्या कुणाचं मोठं ऑपरेशन असेल तर सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना भेटा. क्रिएटिनिन किती, हे विचारा. शुगर, बीपी, गुडघेदुखीच्या रोजच्या गोळ्या, सगळं सांगा, काही लपवू नका. कुठली गोळी थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्या, आपल्या मनाने बंद करू नका. ऑपरेशननंतरही लघवी होतेय एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, क्रिएटिनिन पुन्हा कधी तपासणार ते विचारा.

विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागवत नाही. पटलं तर घरच्यांना वाचून दाखवा.