कीचक, मुंज्या आणि सतरा वर्षांचा व्हॅम्पायर

आजचा प्रश्न सोपा आहे. शाळकरी पोरगी आणि रक्तपिपासू पोरगा यांची लव्हस्टोरी, हा प्रकार चालतो का? आणि आपल्या मातीत चालेल का? उत्तर शोधताना आपण अमेरिकेतून कोकणात उतरणार आणि मग घाट चढून कोल्हापुरात येणार. जरा दम धरा.

सुरुवात 'ट्वायलाइट'पासून. पिक्चर २००८ चा. स्टेफनी मेयर यांची २००५ ची कादंबरी, दिग्दर्शन कॅथरीन हार्डविक यांचं. बेला सतरा वर्षांची. एडवर्डही सतराचाच, फक्त तो १९१८ पासून सतराचाच आहे! स्पॅनिश फ्लूच्या साथीत मरायला टेकलेला असताना त्याला व्हॅम्पायर केलेलं असतं. त्याचं बेलावर प्रेम आहे, आणि तिच्या रक्ताची तहानही आहे. उन्हात चमचमणाऱ्या या व्हॅम्पायरला लोक लई हसले. पण पाच भागांनी मिळून तीनशे कोटी डॉलरच्या वर धंदा केला. नुसतं हसायला एवढी तिकिटं कोण काढतं?

मला वाटतं, तो चालतो याचं कारण साधं आहे. पहिल्या प्रेमात ओढ आणि भीती एकदमच येतात. जवळ तर जायचंय, पण गेल्यावर काय होईल? एडवर्डची तहान ही भीती डोळ्यांसमोर उभी करते. तिथं पिक्चर एकदम खरा वाटतो. फसतो तो दुसरीकडं. एडवर्ड रात्री न सांगता बेलाच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडं बघत बसतो. पिक्चर याला प्रेम म्हणतो. गल्लीतल्या एखाद्या पोरानं हेच केलं तर आपण काय म्हणू? हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत यायचं आहे.

आता हा व्हॅम्पायर आपल्याकडं आणायचा तर त्याला म्हणायचं काय? इंग्रजांनी एक उत्तर काढलं होतं: वेताळ. रिचर्ड बर्टननं १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाचा 'व्हॅम्पायर' करून टाकला. ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' यायला तेव्हा अजून २७ वर्षं होती. पण आपली 'वेताळ पंचविशी' आठवून बघा. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी ती मराठीत आणली, त्याला आता जवळजवळ दोनशे वर्षं होत आली. तिथला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. मान दिसते समोर, पण चावत काही नाही!

आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलात तर आरवलीला वेतोबाचं देऊळ लागतं. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याला गाव राखणदार मानतं, त्याला पोरीबाळींच्या गळ्याशी कसं नेणार?

दुसरी अडचण अंत्यसंस्काराची. व्हॅम्पायर शवपेटीतून उठतो. आपल्याकडं बहुतेक घरांत प्रेत जाळतात. शरीरच राहिलं नाही तर मागं काय उरणार? अपुरी इच्छा. आपली बरीचशी भुतं तिच्यातूनच जन्मतात. मुंज्या तर त्यातला अगदी वयात येणारा पोरगा. मुंज झाली, पण लग्न व्हायच्या आत मेला, आणि आता पिंपळावर बसलाय. म्हणजे टीनएज भूत आपल्याकडं आधीपासूनच होतं, अमेरिकेतून मागवायची गरजच नव्हती.

दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी ते बरोबर हेरलं. मराठीत 'झोंबिवली' केल्यावर २०२४ मध्ये त्यांनी 'मुंज्या' आणला. भाषा हिंदी, मुलूख कोकणचा. १९५२ सालातला गोट्या आपल्यापेक्षा मोठ्या मुन्नीवर जीव टाकतो. घरचे त्याची मुंज लावतात. मुन्नी मिळावी म्हणून तो स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. पुढं सत्तर वर्षांनीसुद्धा त्याचा हट्ट एकच, लग्न. त्यासाठी तो बहिणीच्या नातवाच्या, बिट्टूच्या मानगुटीवर बसतो. मुन्नी आता म्हातारी झालेली, तर तिची नात बेला चालेल म्हणतो! बेलाला काय वाटतं, हे विचारणं त्याच्या डोक्यातही येत नाही.

योगायोग बघा, इथंही नायिका बेलाच. आणि इथंही पोरगा कित्येक दशकं त्याच वयात अडकलेला. पण 'ट्वायलाइट' ज्या हट्टाला प्रेम म्हणतो, त्याला 'मुंज्या' भूत म्हणतो. एकतर्फी प्रेमातून पोरींवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या वाचणाऱ्या प्रेक्षकाला हे भूत लगेच ओळखू येतं. शंभर कोटींच्या वर गल्ला गेला, त्यात त्या ओळखीचाही वाटा असणार.

आता कोल्हापूर. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० साली 'सैरंध्री' आणला. गोष्ट महाभारतातली: विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी, आणि तिचा नकार ऐकूनच न घेणारा कीचक. याच कथेवरचं खाडिलकरांचं 'कीचकवध' इंग्रजांनी बंद पाडलं होतं, कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. 'सैरंध्री'तला कीचकाच्या वधाचा प्रसंग पेंटरांनी इतका हुबेहूब रंगवला, की त्याला कात्री लागली. याच कंपनीत नानासाहेब सरपोतदारांनीही काम केलं. पुढं पुण्यात त्यांनी स्वतःचे चित्रपट काढले आणि पूना गेस्ट हाउस सुरू केलं. आदित्य सरपोतदार त्याच घराण्यातले. म्हणजे शंभर वर्षांच्या अंतरानं राक्षस तोच: 'नाही' हा शब्द न कळणारा पुरुष.

'मुंज्या'त खोट नाही असं नाही. मध्यंतरानंतर पळापळ फार आहे. आणि जिच्यासाठी सगळा दंगा, त्या बेलाला स्वतःचं म्हणणं मांडायला फार थोडी जागा मिळते. याच दिग्दर्शकाचा २०२५ च्या दिवाळीतला 'थामा' बेताळांची प्रेमकथा सांगतो. पण तिथं चावा घेतला की माणूस बेताळ होतो. नाव आपलं, नियम परदेशी. म्हणून मला तो कमी भिडला.

तर उत्तर: चालतं. पण भूत कुठल्या इच्छेतून जन्मलं हे बघणाऱ्याला पटलं पाहिजे, आणि पिक्चरनं त्या इच्छेची बाजू घ्यायची की तिला आवरायचं, हे ठरवलं पाहिजे. 'ट्वायलाइट'नं बाजू घेतली. 'मुंज्या'नं आवरायचं ठरवलं, तेही हसवत हसवत. घरात पंधरा-सोळा वर्षांची पोरं असतील तर दोन्ही लागोपाठ बघा, आणि खोलीतल्या त्या सीनला पॉज करून विचारा, 'हे बरोबर आहे का रे?' पुढच्या गप्पा आपोआप होतील.

भेटू पुढच्या भागात.