पाडा आणि कुडाचे घर

पालघर जिल्ह्यातील वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी आदी आदिवासी समाजांची वस्तीची आणि घरबांधणीची पद्धत. महसुली गाव एक असले तरी त्याचे पाडे अनेक असतात. दोन पाड्यांच्या मध्ये शेत, ओहोळ किंवा माळ असतो, आणि एका पाड्यात बहुधा एकमेकांच्या नात्यातली घरे. पर्यावरणपूरक घर आणि सामूहिक राहणी यांवर आज बरेच बोलले जाते. या जिल्ह्यात दोन्हींचा सर्वांत जुना नमुना पाड्यातच आहे.

कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांची भिंत. कारवी सह्याद्रीच्या उतारावर माजते, साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून वाळते. सरळ काठ्या निवडून त्या शेजारीशेजारी उभ्या लावतात, बांबूच्या आडव्या कामट्यांना बांधतात आणि माती, शेण व भाताचे तूस कालवून दोन्ही अंगांनी लिंपतात. भार भिंतीवर नसतो. तो जमिनीत रोवलेल्या दुबेळक्याच्या लाकडी मेढींवर असतो. म्हणून बुडाशी कुजलेल्या काठ्या घर न पाडता बदलता येतात. चुलीजवळ किंवा वरच्या भागात कूड मुद्दाम न लिंपता सोडतात. त्या फटींतून धूर बाहेर जातो, आणि जाता जाता छपरातल्या पेंढ्याची कीडही मारतो. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळत असल्याने छपराला उतार चांगला ठेवतात, वळचण खाली ओढतात आणि पुढे पडवी काढतात. आत माळा आणि शेणाने सारवलेल्या कणग्या. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात, तो याच कुडावर. जगभर कागदावर आणि कापडावर गेलेल्या वारली चित्रकलेचे मूळ इथले.

असे घर एकट्या कुटुंबाच्याने उभे राहत नाही. मेढी रोवणे, आढे चढवणे, छप्पर शाकारणे याला पाड्यातली माणसे लागतात. मजुरी नसते, जेवण असते, आणि पुढे त्यांच्या घराचे काम निघाले की आपण जायचे असते. पेंढ्याची शाकारणी तर दर एक-दोन वर्षांनी ठरलेली. टिकाऊपणाच्या हिशेबात हा दोषच धरला जाईल, पण शेजाऱ्याशी बोलणे बंद करून चालत नाही, त्याचे एक मोठे कारण ही शाकारणी आहे. खळे, विहीर आणि गावदेवाची जागा यांचे महत्त्व त्यानंतरचे. खळ्यावर भात झोडपतात आणि हंगाम सरल्यावर तिथेच तारप्याच्या सुरांवर नाचतात.

या पद्धतीचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरल्या जातात. कारवी, बांबू, लाकूड जंगलातले, आणि जंगल वनखात्याच्या ताब्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला, तोवर घरासाठी आणलेला बांबूही गुन्हा ठरू शकत होता. दुसरे, दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. शाकारणीला हात उरत नाहीत. पक्के घर हवे, ही मागणी पाड्यातूनच येते आणि ती रास्त आहे.

बोईसर-तारापूर पट्ट्यात डागडुजीचे हे नाते वेगवेगळ्या तऱ्हांनी तुटले. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत शाळा, मैदाने, झाडी सगळे आहे, पण नळ गळला तर तक्रार खात्याकडे. तिथला शेजार एका नोकरीतून आणि एका शाळेतून जमतो. पुढे ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे किनाऱ्यावरून उठवून आत वसवली गेली. घरांच्या बदल्यात घरे मिळाली. मासळी सुकवायला, जाळी विणायला लागणारा किनारा भूखंडाच्या मोजमापात बसणारा नव्हता. औद्योगिक वसाहतीच्या आसपास, खैरापाडा, अवधनगर, सालवड, पास्थळ या भागांत कामगारांच्या चाळी वाढल्या. वर पत्रा, समोर अरुंद वाट आणि सामाईक नळ. एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसवत नाही म्हणून माणसे बाहेर येतात आणि ओळखी होतात. याला सामूहिक राहणी म्हणणे जिवावर येते, तरी शेजार मात्र खरा असतो.

२००९ मध्ये टाटा हाउसिंगने बोईसरजवळ ‘शुभगृह’ ही स्वस्त घरांची योजना आणली. सर्वांत लहान घर २८३ चौरस फुटांचे, सुरुवातीची किंमत ३.९ लाख रुपयांच्या आसपास. अशा संकुलांत डागडुजी मेंटेनन्सच्या पावतीवर येते, आणि सोसायटीची वार्षिक सभा कशावरून तापते हे वेगळे सांगायला नको. वाडा तालुक्यातील गालतरे येथील गोवर्धन इकोव्हिलेजमध्ये दाबून केलेल्या मातीच्या विटा आणि सांडपाणी शुद्ध करणारे मृदा-जैवतंत्र वापरले आहे. बांधकाम अभ्यासण्याजोगे आहे, मात्र तिथला समूह एका संप्रदायाने जमवलेला आहे, घराने नव्हे.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) घरकुलाला किमान २५ चौरस मीटर क्षेत्र धरते. शबरी घरकुल योजनेचे २६९ चौरस फूट म्हणजे तेवढेच. पडवी, गोठा, खळे या मापात येत नाही. म्हणून पाड्यात घरकुलाच्या मागे किंवा अंगाला कुडाची पडवी जोडलेली दिसते: चूल आणि कोंबड्या तिकडे, कपाट आणि टीव्ही सिमेंटच्या खोलीत. या दोन बांधणींतला फरक भूकंपातही दिसतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. कूड हलका आणि लवचीक असल्याने हादऱ्यात तो डुलतो, आणि पडलाच तरी विटांच्या भिंतीइतका जीवघेणा ठरत नाही. विटांच्या भिंतींना तडे गेल्यावर धुंदलवाडीच्या परिसरात लोक घराबाहेर तंबूंत झोपू लागले.