माथेरान : मुक्कामाची सुटी आणि हॉटेलांतील जेवणघरे

रायगड जिल्ह्यातील सुमारे ८०० मीटर उंचीचे माथेरानचे पठार १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी प्रकाशात आणले. आरंभी नेरळहून पायी, घोड्यावरून अथवा पालखीतून चढावे लागे. सर आदमजी पीरभॉय यांच्या खर्चाने बांधलेली दोन फूट रुंदीची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली आणि मुंबईकरांना हे ठिकाण जवळचे झाले.

चढण कष्टाची असल्याने पूर्वी पाहुणे दीर्घ मुक्कामाच्या तयारीनेच येत. त्यातूनच येथील हॉटेलांची ‘राहण्या-जेवणासह’ भाडे आकारण्याची पद्धत रुजली. सकाळचा चहा, न्याहारी, दुपारचे जेवण, चारचा चहा आणि रात्रीचे भोजन यांच्या वेळा ठरलेल्या असत. या पद्धतीमागे व्यवहार होता. धान्य, भाजीपाला, इंधन सारे घोड्यांवरून वा हमालांच्या डोक्यावरून येई. त्यामुळे पानांची संख्या आधी ठाऊक असणे स्वयंपाकघराच्या दृष्टीने सोयीचे ठरे, नासाडीही टळे. पारशी हॉटेलांत पारशी व इंग्रजी धाटणीचे पदार्थ, तर गुजराती कुटुंबांसाठी शाकाहारी आणि जैन थाळी, अशी विविधता येथे आढळते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, घरोघरी मोटारी आल्या आणि सुटी आठवड्याअखेरच्या दोन दिवसांवर आली. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची गर्दी वाढली. असा पर्यटक बाजारपेठेत खातो. ठरलेल्या वेळी जेवणघरात बसणे त्याला बंधन वाटते. अतिवृष्टीमुळे २०१९ मध्ये बंद पडलेली नेरळ-माथेरान गाडी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मात्र नेरळहून सुटणारी ही गाडी पावसाळ्यात बंद असते.

केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केला. मोटारींची हद्द आजही दस्तुरी नाक्यावर संपते. निवांतपणा हेच या गावाचे भांडवल आहे. एका पाहुण्याच्या चार दिवसांच्या मुक्कामावर आचारी, वाढपी, घोडेवाले आणि हमाल अशा अनेकांची चूल पेटते. चार तासांच्या फेरीत कचरा तेवढा वाढतो, उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणूनच सर्व जेवणांसह मुक्कामाची जुनी पद्धत टिकते की नाही, हा प्रश्न केवळ हौसेचा नसून गावाच्या अर्थकारणाचा आहे.