विद्यार्थ्यांचें मौन

ब्रिटनमधील विद्यापीठांत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस ‘तुम्हांस शिक्षण कसें मिळालें?’ असें विचारणारी राष्ट्रीय पाहणी इ. स. २००५ मध्यें सुरू झाली. अध्यापन, परीक्षण, ग्रंथालयादि साधनें असे तिचे विषय. निबंधांवर मिळणारे अभिप्राय ह्या बाबतींत विद्यार्थी सर्वांत नाराज आहेत, हें तींतून वर्षानुवर्षें दिसलें आणि विद्यापीठांस तिकडे लक्ष देणें भाग पडलें. एवढा उपयोग कांहीं लहान नव्हे.

बिघडलें तें २०१७ सालीं. ह्या उत्तरांच्या आधारें विद्यापीठांस सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा श्रेणी देण्याचें ठरलें, आणि त्या श्रेणींशीं फी वाढविण्याची मुभा जोडण्याचा सरकारचा बेत होता. म्हणजे आपण समाधानी आहों असें लिहावें, तर धाकट्या भावंडांच्या फीचा बोजा वाढावयाचा! राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेनें बहिष्कार पुकारला. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या ठिकाणीं निम्म्याहि विद्यार्थ्यांनीं उत्तरें दिलीं नाहींत व त्यांचे निकाल त्या वर्षीं प्रसिद्ध होऊं शकले नाहींत.

पोरांचा हूडपणा म्हणून ही गोष्ट सोडून देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्या कागदावर मन मोकळें करावयाचें, त्याच कागदावरून फी ठरणार असेल तर खरें कोण लिहील?

पुढें २०२३ सालीं प्रश्नावली बदलली. इंग्लंडपुरता एकंदर समाधानाचा प्रश्न गळला. मानसिक स्वास्थ्यासंबंधीं एक नवा आला. मात्र विद्यापीठानें मदतीच्या सोयींची माहिती नीट पोंचविली काय, एवढेंच तो विचारतो. मुलगा सुखांत आहे काय, हें त्यांत नाहीं.