मुद्दल कोणाचें, उत्पन्न कोणाचें?

बोस्टन शहरचा व्यापारी जॉन मॅक्लीन इ. स. १८२३ मध्यें वारला. मृत्युपत्रान्वयें त्यानें ५०,००० डॉलर दोन विश्वस्तांच्या हवालीं केले. उत्पन्न पत्नीस तिच्या हयातीपर्यंत मिळावें आणि तिच्यामागें मुद्दल हार्वर्ड कॉलेज व मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांनीं निमेनिम घ्यावें, अशी ती व्यवस्था. दिसावयास सरळ, परंतु पत्नीस आज उत्पन्न अधिक हवें, तर संस्थांना उद्यां मुद्दल अधिक हवें, हें कलहाचें बीज तींतच होतें.

विश्वस्तांनीं पैसा गिरण्यांच्या व विमा कंपन्यांच्या शेअरांत गुंतविला. पुढें शेअरांचे भाव उतरले आणि मुद्दल आटलें. संस्थांनीं तूट विश्वस्तांकडून मागितली. शहाणा मनुष्य स्वतःचा पैसा ज्या जपणुकीनें गुंतवील तितकी जपणूक विश्वस्तानें केली म्हणजे पुरे, असें म्हणून न्यायमूर्ति सॅम्युएल पटनम यांनीं १८३० मध्यें ती मागणी फेटाळली. निकाल गाजला, आणि तें योग्यच. पण कोणास किती द्यावें या प्रश्नास त्यानें हात घातला नाहीं. व्याज-लाभांश म्हणून हातीं येईल तेंच उत्पन्न, हा दंडक कायम राहिला.

त्यांतली खोट श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी. विश्वस्तानें भरपूर व्याजाचे रोखे घेतले तर महागाई मुद्दलाचें मोल खाते; वाढत्या भावाचे शेअर घेतले तर हयात लाभार्थी उपाशी! गुंतवणुकीची निवड हाच वांटणीचा निवाडा ठरतो. अमेरिकेंत दाते धर्मादाय संस्थेच्या नांवें करांत सूट घेत आणि विश्वस्त सारा ओघ कुटुंबाकडे वळवीत, असेंहि घडे.

म्हणून १९६९ च्या करकायद्यानें 'युनिट्रस्ट'ची तोड काढली : दरसाल मालमत्तेची किंमत करून तिच्या निदान शेंकडा ५ रक्कम लाभार्थ्यास द्यावी. १९९७ मध्यें आणखी बंधन आलें. संस्थेच्या भावी वाट्याचें आरंभींचें मोल शेंकडा १० तरी भरलें पाहिजे. तें मुख्यतः लाभार्थ्याच्या वयावरून व दरसाल द्यावयाच्या दरावरून काढतात. अर्थात् लाभार्थी तरुण असला कीं दर हात आंखडून ठरवावा लागतो.

पुढें खासगी न्यासांसाठींहि हीच वाट मोकळी झाली. न्यूयॉर्क राज्यानें २००२ पासून शेंकडा ४ हा दर घातला. त्या हिशेबानें मॅक्लीनच्या ५०,००० वर पत्नीस २,००० डॉलर मिळाले असते, आणि मालमत्ता ४०,००० वर आली असती तर १,६००. झळ दोघांनाहि सारखीच. हा धक्का एकदम बसूं नये म्हणून तेथें तीन वर्षांच्या किंमतींची सरासरी धरतात.