आगगाडीच्या प्रतिकृति व त्यांचें साधनमूल्य

आगगाडीच्या इंजिनांच्या व डब्यांच्या लहान प्रतिकृति हा विषय ऐतिहासिक साधनांच्या त्रैमासिकांत यावा याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. बखरी, करीने, निवाडपत्रें, नाणीं व ताम्रपट यांच्या पंक्तीस खेळणीं आणून बसवावयाचीं काय, असा प्रश्न ते करतील. परंतु युरोपांत, विशेषतः इंग्लंडांत, गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या हौशी मंडळींनीं हीं चिमुकलीं इंजिनें जमविलीं, स्वहस्तें घडविलीं, एकमेकांस दाखवून त्यांची वाखाणणी केली आणि एकमेकांचे दोषहि काढले, त्यांच्या हातून नकळत एक मोठा संग्रह तयार झाला आहे. मूळ इंजिनांपैकीं बहुतेक भंगारांत गेलीं, नकला राहिल्या. अस्सल नष्ट होऊन नक्कल मात्र उरते तेथें काय करावें, हें जुने कागद हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. नक्कल कोणी केली, केव्हां केली, कोणत्या प्रतीवरून केली आणि करतांना पदरचें काय घातलें, हे चार प्रश्न वीतभर इंजिनासहि विचारतां येतात. व ते विचारलेच पाहिजेत असें आमचें म्हणणें आहे.

आरंभीं एक समज दूर केला पाहिजे. प्रतिकृति म्हणजे मागाहून केलेली नक्कल असें सहज वाटतें. पण आगगाडीच्या बाबतींत लहान गाडी मोठीच्या आधीं जन्मास आली. विल्यम मर्डॉक यानें कॉर्नवॉलमधील रेडरूथ येथें इ. स. १७८४ मध्यें वाफेनें चालणाऱ्या तीनचाकी गाडीचा एक लहान नमुना केला. तो आज बर्मिंगहॅम येथें जतन करून ठेविलेला आहे. रुळांवरून भार ओढणारें ट्रेव्हिथिकचें इंजिन वेल्समधील पेनिडॅरन येथें धांवलें तें १८०४ सालीं, म्हणजे या नमुन्यानंतर वीस वर्षांनीं. मर्डॉकच्या नमुन्यास नक्कल म्हणतां येत नाहीं. तो ग्रंथकर्त्याच्या हातचा कच्चा खर्डा होय.

याहूनहि बोधप्रद उदाहरण जपानचें आहे. अमेरिकेचा नौसेनानी पेरी हा आपल्या दुसऱ्या सफरींत मार्च १८५४ मध्यें योकोहामा येथें उतरला, तेव्हां त्यानें जपानी दरबारास दिलेल्या नजराण्यांत फिलाडेल्फियाच्या नॉरिस कारखान्यांत घडविलेलें एक छोटें इंजिन, त्याचा कोळशाचा डबा व उतारूंचा एक डबा इतका सरंजाम होता. दोन रुळांतील अंतर १८ इंच होतें. मोकळ्या जागीं वर्तुळाकार रूळ मांडून ती गाडी चालविण्यांत आली. डबा इतका लहान होता कीं, सहा वर्षांचें मूलहि त्यांत कष्टानेंच मावलें असतें. तेव्हां जपानी अधिकारी सरळ टपावर चढून बसले आणि झग्यांच्या सोग्यांसह गरगर फिरले. हा प्रसंग पेरीच्या सफरीच्या सरकारी वृत्तांतांत नमूद आहे. पुढें १८५५ सालीं सागा संस्थानांत तानाका हिसाशिगे व त्याचे सहकारी यांनीं मद्यार्काच्या ज्योतीवर चालणारें एक चिमुकलें इंजिन तयार केलें. तें अद्याप सागा येथें आहे.

वरवर पाहणारा येथें म्हणेल कीं, १८५४ ची अमेरिकन गाडी पाहूनच १८५५ ची जपानी गाडी झाली. सन लागोपाठचे आहेत, आणि अनुमान सोपें आहे. पण सागाच्या मंडळींनीं आगगाडीचा नमुना त्याच्याहि आधीं पाहिला होता. रशियाचा वकील पुत्यातिन हा १८५३ मध्यें नागासाकी बंदरांत आला असतां त्याच्या जहाजावर वाफेच्या गाडीचा एक नमुना चालवून दाखविण्यांत आला, व सागाच्या कारागिरांची प्रेरणा तेथली आहे. म्हणजे सागाच्या इंजिनाची वंशावळ रशियन प्रतीकडे जाते, अमेरिकन प्रतीकडे नव्हे. दोन पोथ्यांचा काळ जवळचा असला म्हणजे एक दुसरीवरून उतरली असें ठरत नाहीं, हा आपला नेहमींचा नियम येथेंहि लागू पडतो. जपानांत खरी आगगाडी शिंबाशी व योकोहामा यांच्या दरम्यान सुरू झाली ती १८७२ सालीं.

छंदाचा खरा विस्तार त्यानंतरचा. जर्मनीच्या मर्क्लिन कारखान्यानें १८९१ च्या लाइप्झिगच्या जत्रेंत खेळण्यांतील रुळांचें अंतर क्रमांकवार ठरवून मांडलें. तेव्हांपासून एकाचें इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर धांवूं लागलें. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. माप एक झालें म्हणजे संग्राहक एकत्र येतात. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोकनें १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याशीं संधान बांधिलें आणि इंग्रजी कंपन्यांच्या इंजिनांचीं हुबेहूब रूपें विक्रीस आणिलीं. हेन्री ग्रीन्ली यानें त्यांचे आराखडे काढिले. १९१० सालीं लंडनांत अशा हौशी मंडळींचा ‘मॉडेल रेल्वे क्लब’ निघाला, तो आजतागायत चालू आहे. त्याच १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो. एकीकडे रुमाल सोडून मोडी कागद वाचले जात होते, दुसरीकडे खोकीं उघडून चाकांचे आरे मोजले जात होते. आणि ‘हें असें नव्हतेंच’ असें ठासून सांगणारा गृहस्थ दोन्ही ठिकाणीं हजर असला पाहिजे.

या मंडळींचें आवडतें इंजिन बहुधा सर्वांत मोठें किंवा वेगवान नसतें. ज्या मार्गालगत बाळपण गेलें त्या मार्गावरचें असतें. या ममत्वाचा अभ्यासकास मोठा लाभ झाला आहे, कारण आवडीचा माणूस रंगाची छटा व खिळ्यांची संख्या सोडीत नाहीं. रंगाचेंच उदाहरण घेऊं. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचा यंत्राधिकारी विल्यम स्ट्राउडली यानें आपल्या इंजिनांस जो रंग दिला, त्यास ‘सुधारलेला इंजिन-हिरवा’ अशा अर्थाचें नांव होतें. केवळ कागद वाचणारा त्या इंजिनांस हिरवीं ठरवून मोकळा होईल. प्रत्यक्षांत तो रंग सोनेरी पिंवळा होता. या कंपनीचें १८८२ चें ‘ग्लॅडस्टन’ हें इंजिन स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटी या हौशी मंडळींच्याच संस्थेनें १९२७ सालीं भंगारांतून वांचविलें. तें आतां यॉर्कच्या संग्रहालयांत आहे, आणि शब्द व वस्तु यांचा हा विरोध तेथें डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. दस्तऐवजांतील शब्दाचा अर्थ वस्तूवरून ठरवावा लागतो तो असा.

प्रक्षेपाचेंहि एक उत्तम उदाहरण या क्षेत्रांत आहे. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाच्या जितक्या प्रतिकृति झाल्या असतील तितक्या क्वचितच दुसऱ्या कोणाच्या झाल्या असतील. १९२३ सालीं बांधलेल्या या इंजिनास १९२४ मध्यें ४४७२ हा क्रमांक मिळाला. त्या काळीं त्याचा रंग कोवळ्या सफरचंदासारखा हिरवा व धुराडें एकेरी होतें. दुहेरी धुराडें बसविलें तें १९५९ च्या आरंभीं. तोंवर क्रमांक बदलून ६०१०३ झाला होता व हिरवा रंगहि दुसरा, गडद, आला होता. १९६३ सालीं नोकरींतून निवृत्त झाल्यावर तें खासगी मालकाकडे गेलें आणि त्यास पुनः जुनें रूप देण्यांत आलें. मग १९९३ मध्यें दुहेरी धुराडें परत बसलें, आणि १९९९ च्या दुरुस्तीनंतर तें कोवळा हिरवा रंग, ४४७२ क्रमांक व दुहेरी धुराडें अशा मिश्र वेषांत बाहेर पडलें. हा मेळ त्याच्या नोकरीच्या चाळीस वर्षांत एकदांहि झालेला नव्हता. तेव्हां एखाद्या कपाटांत या तिन्ही लक्षणांची प्रतिकृति आढळली, तर विक्रेता तीस कितीहि जुनी म्हणो, तिची मूळ प्रत १९९९ नंतरची आहे हें निश्चित समजावें. पेशवाईच्या कागदांत कंपनी सरकारचें कलम निघावें तसा हा प्रकार आहे.

कांहीं फरक मात्र चुकीचे नसून संकेताचे असतात, व ते ओळखतां आले पाहिजेत. इंग्लंडांत आज सर्वाधिक प्रचारांत असलेल्या ‘डबल ओ’ मापांत मूळच्या एका फुटास ४ मिलिमीटर धरतात. या हिशेबानें ४ फूट ८½ इंचांच्या रुळांचें अंतर १८·८३ मिलिमीटर यावयास हवें; पण प्रत्यक्षांत तें १६·५ मिलिमीटर ठेवितात. म्हणजे इंजिन एका प्रमाणाचें आणि त्याखालचे रूळ दुसऱ्याच प्रमाणाचे. मोठ्या मापांत तें अंतर ४ फूट १½ इंचच भरतें. याचें कारण व्यवहारी आहे. युरोपखंडांत याच रुळांसाठीं फुटास ३½ मिलिमीटर हें माप चालतें व तें बरोबर जुळतें. पण इंग्लंडचीं मूळ इंजिनें अंगानें लहान. तितक्या लहान सांगाड्यांत त्या काळच्या विजेच्या मोटारी मावेनात. म्हणून सांगाडा वाढविला व रूळ तसेच ठेविले. कांहीं मंडळींस ही तडजोड खपली नाहीं. त्यांनीं प्रथम १८ मिलिमीटरांचें अंतर स्वीकारलें, आणि १९६६ च्या सुमारास १८·८३ पर्यंत मजल नेली. यासाठीं त्यांनीं चाकांच्या कडा इतक्या बारीक केल्या कीं, रूळ किंचित् वांकडा असला तरी गाडी घसरते. शुद्ध पाठाचा आग्रह धरणाऱ्यास असा त्रास सोसावाच लागतो. ‘डबल ओ’ इंजिन हातीं आल्यास त्याच्या सांगाड्याचीं मापें प्रमाण मानावीं, चाकांमधील अंतर मानूं नये.

नकलेवर भर ठेवण्याची पाळी कां येते, तें आतां सांगतों. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा ७ फूट रुंदीचा मार्ग मे १८९२ मध्यें कायमचा बंद झाला. त्याचीं दोन प्रसिद्ध इंजिनें, ‘नॉर्थ स्टार’ व ‘लॉर्ड ऑफ दि आइल्स’, स्विंडन येथें स्मारक म्हणून ठेविलेलीं होतीं. १९०६ सालीं जागेच्या अडचणीस्तव त्यांची मोडतोड करण्यांत आली, आणि हा हुकूम कोणा अडाण्याचा नव्हता. चर्चवर्डसारख्या नामांकित यंत्रशास्त्रज्ञाचा होता. पुढें १९२५ च्या शताब्दी समारंभासाठीं त्याच कंपनीस ‘नॉर्थ स्टार’ची पूर्णाकृति नक्कल, उरलेसुरले तुकडे घालून, बनवावी लागली! त्या रुंद मार्गाचें अस्सल इंजिन म्हणून इंग्लंडांत आज एकच उरलें आहे, आणि त्याचें नांवहि ‘टायनी’ म्हणजे इवलेंसें असें आहे.

या हानीची जाणीव ज्याच्या ठायीं आम्हांस सर्वांत तीव्र दिसते, तो पुरुष म्हणजे रॉय इंग्लंड. हा १९२५ सालीं ऑस्ट्रेलियांतून विलायतेस आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यांतील गवती छपरांचीं जुनीं घरें डोळ्यांदेखत पाडलीं जात आहेत हें पाहून त्यानें त्यांचीं मापें घेण्यास आरंभ केला. घर कोणत्या गांवचें, विटा कशा, छपराची कड कोठें खचलेली, हें टिपून त्यावरून तो प्रतिकृति करी. १९५४ मध्यें लाँग विटनम येथें त्याचें पेंडन संग्रहालय सुरू झालें. तेथील इंजिनांपैकीं अनेक गाय विल्यम्स यांच्या हातचीं आहेत. तेथें काल ठरलेला आहे, दोन महायुद्धांच्या दरम्यानचा. त्या कालाबाहेरचा डबा, कितीहि सुंदर असो, त्या रुळांवर चढत नाहीं. संपादनाची इतकी शिस्त आपल्याकडील कित्येक छापील बखरींस लाभलेली नाहीं.

हिंदुस्थानांत १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूगाडी साहेब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनीं नेली. त्यांतलें एकहि आज शिल्लक नाहीं. पुण्यांत कोथरूड येथें १९९८ पासून लहान आगगाड्यांचें संग्रहालय आहे व तें पाहण्याजोगें आहे. पण मराठी वाचकांस अधिक परिचित वस्तु म्हणजे ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यांतील शिंदे सरकारची चांदीची गाडी. भोजनाच्या मेजावर मांडलेल्या रुळांवरून ती विजेच्या बळानें फिरते आणि मद्याच्या कांचेच्या सुरया व चिरूट पाहुण्यांपुढें नेते. सात डब्यांवर शिंदे या नांवाचीं सात इंग्रजी अक्षरें आहेत. सुरई उचलली कीं गाडी थांबते व परत ठेविली कीं चालूं लागते. हीस वर सांगितलेले नियम लावूं नयेत. कोणत्याहि मार्गावरील मालाच्या वाघिणीची ती नक्कल नाहीं. ती दरबारी पंक्तीचा सरंजाम आहे, व तिची जागा अत्तरदाणी-गुलाबदाणीच्या शेजारीं आहे. मात्र त्याच संस्थानानें २ फूट अंतराच्या रुळांवर खऱ्या गाड्याहि चालविल्या, आणि तो मार्ग आतां बंद झाला आहे. त्याच्या डब्यांचीं मापें घेणाऱ्या हौशी माणसाचें काम चांदीच्या गाडीहून कमी मोलाचें नाहीं.

ज्यांच्या घरीं असा संग्रह आहे त्यांस सावधगिरीच्या कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. संग्राहक निवर्तला म्हणजे वारस एकेक इंजिन वेगळें विकतात, आणि दप्तर फुटून रुमाल चार बाजारांत जावेत तशी गत होते. विकावयाचेंच झाल्यास आधीं सर्व इंजिनांची व डब्यांची एकत्र यादी करावी. कारागिराचें चिन्ह बहुधा खालच्या अंगास असतें. म्हणून प्रत्येकाचें वरून, बाजूनें व उलटें करून अशीं तीन छायाचित्रें शेजारीं मोजपट्टी ठेवून घ्यावींत. उडालेला रंग पुनः देण्याचा मोह टाळावा; नव्या रंगाखालीं जुना क्रमांक गेला म्हणजे सालाचा पुरावाच बुडतो. मूळ चाकें बदलावीं लागलींच, तर काढलेलीं एका पुडींत बांधून त्याच खोक्यांत ठेवावींत, आणि खोक्यावर कोणाच्या हातची चिठ्ठी चिकटविलेली असल्यास, ती कितीहि मळकट असो, सोडवूं नये.